डाव्या पायाचा फर्मा

८ ऑक्टोबर

मेस्त्री,

सुखरूप पोचले. समुद्र शांत होता. शेजारी बसलेल्या बाईंनी अडीच तास त्यांच्या सुनेबद्दल सांगितलं, त्यामुळे मला मळमळायला सवडच मिळाली नाही. चहा न घेता निघाले म्हणून काकू रागावल्या असतील. त्यांना सांग, बोट चुकली असती.

संग्रहालय कसं वाटलं ते मोकळेपणाने कळव, असं तू धक्क्यापर्यंत तीनदा बजावलंस. मग आता वाईट वाटून घेऊ नकोस.

पहिली गोष्ट नकाशाची. मी काढून दिलेला बेटाचा नकाशा तू खिडकीसमोर टांगला आहेस. दुपारचं ऊन थेट त्यावर येतं. पस्तीस वर्षं नकाशांच्या कचेरीत रेघा ओढल्या म्हणून सांगते, दोन वर्षांत शाई उडेल आणि तुमचा अर्धा किनारा बुडेल. त्याला आतल्या खोलीत हलव.

दुसरी गोष्ट इंजिनाची. जुन्या बोटीचं इंजिन तू सुटं करून मांडलं आहेस ते सुरेखच आहे, पण येईल त्याला तू त्यापाशी वीस मिनिटं उभं करतोस. त्या दिवशीचं तरुण जोडपं बाराव्या मिनिटाला एकमेकांना कोपरं मारत होतं. तुझी पाठ होती, मला दिसलं.

तिसरी गोष्ट, तुझ्याकडे सगळं फार चकचकीत आहे. शाळेची घंटा माझ्या लहानपणी काळी पडलेली होती. तू ती घासूनपुसून अशी काढली आहेस की आज सकाळी बाजारातून आणली असावी. जन्मभर बोटीची इंजिनं साफ केलीस, गंज दिसला की हात शिवशिवत असणार, हे मान्य. तरी जुन्या वस्तूला थोडं जुनं दिसू दे की.

बाकी झकास. बर्फाच्या जुन्या कारखान्याच्या दोन खोल्यांत एवढं मावेल असं वाटलं नव्हतं. दंतवैद्याची खुर्ची पाहून मी तोंड घट्ट मिटून घेतलं, म्हणजे ती योग्य जागी आहे.

आणि एक किरकोळ. बाबांच्या, तुझ्या मोठ्या काकांच्या, मोचीच्या दुकानातल्या सामानाचं जे कपाट आहे, त्यात आरी, रापी, मेणाचा गोळा यांच्या शेजारी एक फर्मा ठेवला आहेस. बूट ज्यावर चढवून शिवतात तो लाकडी पाय. त्याखाली पाटी आहे, ‘बिघडलेला फर्मा. कारागिराच्या शिकाऊ काळातला असावा.’ ती पाटी काढून टाक. फर्मा हवा तर ठेव.

ताई

*

१७ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा नकाशा हलवला. जड होता, पाठीत उसण भरली, ते तुझ्या खात्यावर.

इंजिनाबद्दल मी ऐकून घेणार नाही. सत्तावीस वर्षं त्याने या बेटावरच्या माणसान् माणसाची ने-आण केली. त्याला वीस मिनिटं द्यायला काय हरकत आहे? त्या जोडप्याला बोटीपर्यंत वेळच काढायचा होता, नाहीतर ती दोघं बर्फाच्या कारखान्यात कशाला शिरतील?

घंटेचं मात्र मनाला लागलं. आईलाही वाचून दाखवलं, तर ती म्हणाली की बरोबर बोलते आहे. आईला ऐकू येत नाही ते नेमकं अशा वेळी ऐकू येतं. ती चहावरून अजून धुसफुसते आहे. तिचं म्हणणं, बोटीला चांगला तास होता.

आता फर्म्याचं. ताई, तू नकाशेवाली, मी इंजिनवाला, लाकूडकामात दोघंही कच्ची. पण वाकडं काय ते मला कळतं. त्या फर्म्याचं पाऊल आत वळलेलं आहे. त्याला जोडीदार नाही, उजवा कुठेच सापडला नाही. पुढे बोटांच्या बाजूला दोनदा लाकडाचं टोक जोडलंय, म्हणजे माप चुकलं, सांधलं, पुन्हा चुकलं. मोठ्या काकांनी नवशिके असताना तो केला असणार आणि आठवण म्हणून ठेवला असणार. बघायला येणाऱ्यांना ते आवडतं. एवढ्या नामी कारागिराच्या हातूनही आधी बिघडलं होतं, हे वाचून माणसं हसतात, लहान मुलांना धीर येतो. मी त्याची थोडी साफसफाई केली, बाकी आहे तसाच ठेवला आहे.

पाटी मी विचार करून लिहिली आहे. ती खोटी असेल तर काय खरं ते सांग, लगेच बदलतो. उगाच काढ म्हणालीस तर नाही काढणार. संग्रहालय आहे, घरचं फडताळ नाही.

तुझा,
मेस्त्री

*

२५ ऑक्टोबर

मेस्त्री,

तुझं बरोबर आहे. कारण न देता हुकूम सोडणं ही माझी कचेरीतली खोड.

तो फर्मा बिघडलेला नाही. तो माझा पाय आहे.

तू तेव्हा तीन वर्षांचा होतास, तुला आठवायचं कारण नाही. मी जन्मले ती डावं पाऊल आत वळलेलं आणि पाय दोन बोटं आखूड घेऊन. नंतर शस्त्रक्रिया होऊन वळण कमी झालं, पुरतं गेलं नाही, त्यामुळे तू मला पाहतोस ती नुसती लंगडताना. लहानपणी बाबा माझ्यासाठी जाड तळाचा बूट शिवायचे. त्याने मला नीट चालता यायचं, पण शाळेत मुलं मला ‘ठोकळा’ म्हणायची. मैदानात, वर्गात, येता-जाता ठोकळा. आई नव्हती. बाबांना सांगितलं की ते म्हणत, चालता येतंय ना.

नऊ वर्षांची असताना मावशी मला इलाजासाठी शहरात न्यायला आली. निघायच्या दिवशी बाबांनी नवा जोड आणला. धक्क्यावर सगळं गाव जमलं होतं, ती मुलंही. मी डावा बूट काढला आणि पाण्यात फेकला. म्हणाले, “तुमच्या हातचे बूट मी पुन्हा कधी घालणार नाही.”

माझा एक पाय अनवाणी होता म्हणून बाबांनी मला उचलून बोटीत ठेवलं, आणि ते उतरून गेले.

मी मावशीकडेच राहिले, वाढले, कचेरीत लागले. ते कधी आले नाहीत, मीही गेले नाही. हट्टाला दोघं सारखीच. ते गेले तेव्हा वादळामुळे चार दिवस बोट बंद होती, आणि पाचव्या दिवशी जायला मला तोंड राहिलं नव्हतं. परवा आले ती पंचावन्न वर्षांनी.

पुढे शहरात मला बूट पाठवले ते तुझ्या वडिलांनी, काकांनी, हे तुला ठाऊक आहे की नाही कोण जाणे. शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी पहिलं खोकं आलं. शहरातल्या दुकानाचं खोकं, वर पत्ता काकांच्या अक्षरात. आत चिठ्ठी होती की पाय कागदावर ठेवून भोवती रेघ मार आणि ती पाठव, म्हणजे पुढच्या वेळी माप कळेल. तेव्हापासून दर नोव्हेंबरला खोकं यायचं, एकोणिसाव्या वर्षापर्यंत. काकांचे ते उपकार मी कधी विसरले नाही.

आता माझी अडचण सांगते. तुझ्या कपाटातला फर्मा पाहताक्षणी मी ओळखला. पण मग काचेवर वीत लावून पाहिली. तो नऊ वर्षांच्या मुलीच्या पायाएवढा नाही. तो माझ्या आजच्या पायाएवढा आहे.

मी गेल्यावर बाबांनी तो कोणासाठी वाढवला? बेटावर तसाच पाय असलेलं आणखी कोणी मूल होतं का, जे त्यांचे बूट मुकाट्याने घालत होतं? तसं असेल तर सांगून टाक, मी काही मोडून पडणार नाही. पण खोटं कशाला बोलू, चौसष्टाव्या वर्षी त्या काचेसमोर मला मत्सर वाटला. चहासाठी थांबले नाही ते म्हणून. बोटीला तास होता, काकूंचं खरं आहे.

ताई

*

२० नोव्हेंबर

मेस्त्री,

चार आठवडे झाले. बोट रोज सुटते आहे, मी धक्क्यावर फोन करून विचारलं. आजारी असलास तर कळव. आजारी नसलास तर काय दडवतो आहेस ते कळव.

ताई

*

२८ नोव्हेंबर

ताई,

आजारी नाही. लाज वाटली म्हणून लिहिलं नाही.

बेटावर तसा पाय असलेलं दुसरं कोणी नव्हतं. आईला विचारलं, जुन्या शिक्षकांना विचारलं, दवाखान्याच्या वह्याही पाहिल्या. तू एकटीच.

आता माझा गुन्हा ऐक. फर्मा माझ्याकडे आला तेव्हा तू पाहिलास तसा नव्हता. त्याच्यावर जागोजागी कातड्याचे तुकडे डकवलेले होते. कुठे एकावर एक तीन-तीन, बारीक चुकांनी, म्हणजे छोट्या खिळ्यांनी ठोकलेले, काळे, तेलकट. मला वाटलं ही नंतरची ठिगळं, आतलं मूळ लाकूड वेगळंच असेल. इंजिनावर रंगाचे थर चढतात तसं समजलो मी. बसलो, आणि पटाशीने एक एक करून सगळे उचकटले. दोन दिवस लागले. वर लाकडाला पॉलिश केलं. तुझं पत्र वाचलं त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

पण मी टाकून काही देत नाही, हा माझा दुसरा दुर्गुण. तुकडे बिस्किटांच्या डब्यात आहेत. चौदा आहेत. कोणता कुठला ते आता मला सांगता येत नाही. प्रत्येक तुकडा कागदावर ठेवून रेघ मारली आहे, नंबर आणि जाडी बाजूला लिहिली आहे, ते कागद सोबत पाठवतो. तू उंचसखल जमिनीचे नकाशे काढणारी बाई आहेस. तुला काही उलगडलं तर बघ.

अजून आहे. मोठ्या काकांची पेटी संग्रहालयात आणली तेव्हा तिच्या तळाशी एक पुडकं होतं. तुझी पत्रं, आमच्या बाबांच्या नावाने आलेली. दहा. मेणाचे डाग पडलेली, आणि प्रत्येकाबरोबरची पायाची रेघ कात्रीने कापून काढलेली. आमच्या बाबांची पत्रं मोठ्या काकांच्या पेटीत कशी, ते मला कळेना. बेटावर दोघा भावांचं फारसं बोलणं नव्हतं असंच मी ऐकून होतो. मला वाटलं, मोठ्या काकांनी ती उचलून नेली असतील. घरातली भानगड नको म्हणून मी ती कपाटात मांडली नाही आणि तुलाही बोललो नाही. मेलेल्या माणसावर मनातल्या मनात चोरीचा आळ घेऊन मोकळा झालो.

पत्रं मूळचीच पाठवतो आहे. ती तुझी आहेत. मी वाचली नाहीत. एक वाचलं.

पाटी काढली आहे. सध्या फर्म्याखाली काहीच लिहिलेलं नाही.

मेस्त्री

*

१० डिसेंबर

मेस्त्री,

तू गुन्हा केलास हे खरं, पण तुकडे ठेवलेस. दुसऱ्या कोणी शेगडीत घातले असते. तेव्हा जेवत जा.

पुडकं गेल्या आठवड्यात आलं. आठवडाभर जेवणाच्या टेबलावर ताट ठेवायला जागा नाही. एका बाजूला माझी दहा पत्रं, दुसऱ्या बाजूला तुझे चौदा कागद, मध्ये मी आणि भिंग. उंचीच्या रेषा लावतात तसे लावत गेले. सगळ्यात लहान तुकडा वर, मोठा खाली, असं आधी केलं, ते जमलं नाही. मग पत्रं वाचायला घेतली आणि हात थांबला.

दहाव्या वर्षी मी लिहिलं आहे, ‘काका, बूट मऊ आहेत पण घोट्याच्या आतल्या बाजूला हाड लागतं.’ तुझा तीन नंबरचा तुकडा वाटोळा आहे, रुपयाएवढा. हाडाच्या जागी फर्मा उंच केला की बुटात तिथे खळगा पडतो. बाराव्या वर्षीचं पत्र, ‘करंगळी चेपते.’ आठ नंबर, लांबट, एका टोकाला निमुळता. तेराव्या वर्षी मी वैतागून लिहिलंय की करंगळी अजून चेपतेच. अकरा नंबर, तोच आकार, आठच्या वर बसणारा. चौदाव्या वर्षी, ‘टाच सुटते, मी पुढे जाते आणि बूट मागे राहतो.’ याला तुकडा नाही, आणि नसायलाच हवा. टाच सुटत असेल तर फर्मा तिथे बारीक करावा लागतो. टाचेपाशी कानस फिरवल्याची खूण आहे का, ते तेवढं नीट बघ. पॉलिशखाली असेल.

मेस्त्री, सोळाव्या वर्षी मी लिहिलंय, ‘एक विनंती. बूट थोडे मुलींसारखे दिसले तर बरं होईल.’ पुढच्या नोव्हेंबरला जे आले त्यांना पातळ पट्टा होता आणि छोटं बक्कल. मावशीला मी ते पळत जाऊन दाखवले होते, एवढ्या लंगड्या पायाने. शहरातलं दुकान किती समजूतदार आहे, असं मी तिला म्हणाले.

दुकान नव्हतं तर.

मी दहा वर्षं पत्रं काकांना लिहीत होते आणि उत्तरं बाबा देत होते. मला आता रडू येतंय, आणि त्याहून जास्त राग येतोय. कोणाचा ते नीट कळत नाही. काका माझ्या लग्नाला आले होते. मी त्यांच्या पाया पडून बुटांबद्दल बोलले, तेव्हा ते नुसते डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. त्यांना सांगता नसतं आलं?

काकूंना विचार. त्यांना ठाऊक असणारच. काही लपवू नकोस, आणि त्यांनाही लपवू देऊ नकोस.

आणखी एक. खोकी अकरा आली होती, मला पक्कं आठवतं. पत्रं दहाच आहेत. मी दरवर्षी लिहायचे, एकही वर्ष चुकवलं नाही. अकरावं पत्र पेटीत कुठे अडकलं असेल, अस्तराखाली वगैरे. शोध.

ताई

*

२२ डिसेंबर

ताई,

टाचेपाशी कानस फिरवल्याची खूण आहे. दोन्ही बाजूंनी, सारखी. मी ती लाकडाचा दोष समजून भेगा बुजवायची लांबी भरून टाकली होती. आता खरवडून काढली.

आईला विचारलं. तिला सगळं ओरडून विचारावं लागतं, त्यामुळे शेजारीपाजारीही आता माहीतगार झाले आहेत. ती म्हणाली तेवढंच लिहितो.

तू गेल्यावर मोठे काका धक्क्यावरच्या कचेरीत आमच्या बाबांकडे आले. त्यांना लिहितावाचता बेताचंच यायचं. बूट तयार होते. म्हणाले, “तुझ्या नावाने पाठव. माझ्या हातचे आहेत कळलं तर पाय बाहेर काढेल.” दुकानाचं खोकं त्यांनी शहरातून येणाऱ्या एका गिऱ्हाइकाकडून मागून घेतलं होतं. आमच्या बाबांना शपथ घातली. पुढे ते गेल्यावरही बाबांनी ती मोडली नाही, आणि आईलाही मोडू दिली नाही. आई म्हणते, हे दोघं भाऊ एका मुशीतले, एकाने तोंड बंद केलं की दुसरा वर कुलूप लावायचा.

तुझं पत्र आलं की आमचे बाबा दुकानात जात. लोकांना वाटे दोघांचं बोलणं नाही, कारण बाबा आत गेले की मोठे काका दार लावून घेत. पत्र दोनदा वाचायचं असा ठराव होता. एकदा सगळं, एकदा नुसतं पायाचं. मग पत्र आणि रेघ मोठे काका ठेवून घेत. एका वर्षी तू लिहिलं होतंस की या बुटांनी मला शाळेत जिना न धरता उतरता आलं. ते त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं.

आता अकराव्या पत्राचं. ताई, हे लिहावं की नाही यात दोन दिवस गेले. पण लपवू नकोस म्हणालीस.

पेटीचं अस्तर काढून पाहिलं. काही नाही. आई म्हणते, त्या वर्षी पत्र आलंच नाही. खोकं नोव्हेंबरात गेलं. मोठे काका तेव्हा छातीच्या दुखण्याने खंगले होते, तरी रोज धक्क्यावर येऊन विचारायचे, “आलं का?” डिसेंबर गेला, जानेवारी आला. आईला ते बघवेना. तिने आमच्या बाबांच्या मागे लागून एक पत्र लिहवून घेतलं, तुझ्या नावाने. बूट छान बसले, काही त्रास नाही, असं. बाबा ते घेऊन गेले, आईही बरोबर गेली. मोठे काका अंथरुणावर होते. बाबांनी वाचलं. ते ऐकून मोठे काका म्हणाले, “रेघ कुठंय?”

आमचे बाबा म्हणाले, राहिली असेल. मोठे काका म्हणाले, “हो, घाईत असेल ती.” दुसऱ्यांदा वाच म्हणाले नाहीत. आणि ते पत्र ठेवूनही घेतलं नाही, बाबांच्या हातात परत दिलं. पुढच्या महिन्यात ते गेले.

आई म्हणते, ते पत्र लिहायला लावायला नको होतं. पंचेचाळीस वर्षं तिच्या मनात ते आहे. हे सांगून झाल्यावर ती म्हणाली, तिला लिही की चहाचं मी विसरले.

पाटीवर काय लिहू ते तू सांग. मला सुचत नाही.

मेस्त्री

*

५ जानेवारी

मेस्त्री,

तू लिहिलंस ते बरं केलंस. काकूंना सांग, त्यांनी ते पत्र लिहवून घेतलं ते प्रेमाने, त्याचं ओझं आता त्यांनी वाहायचं नाही. ओझं माझं आहे.

मी एकही वर्ष चुकवलं नाही असं तुला लिहिलं. ते खोटं होतं, आणि लिहिताना मला ते खोटं आहे हे अर्धंमुर्धं ठाऊक होतं. त्या नोव्हेंबरात मी कचेरीत नवीन लागले होते. खोकं आलं, बूट घातले, छान बसले, आणि छान बसले म्हणूनच लिहायचं राहिलं. तक्रार असती तर लिहिलं असतं. आज लिहू, उद्या लिहू करत फेब्रुवारी आला आणि तार आली. एवढंच झालं. याहून मोठं कारण मी शोधून पाहिलं, सापडलं नाही.

आता कामाचं. फर्म्यावरचं पॉलिश उतरव, पण हळू हाताने, आणि चौदा तुकडे डब्यातच राहू दे. मार्चमध्ये समुद्र निवळला की मी येते. तुकडे मी लावीन, चुका तू ठोक. आठवडाभर राहीन, चहा दोन्ही वेळा घेईन, आणि इंजिनासमोर पूर्ण वीस मिनिटं उभी राहीन.

पाटीवर हे लिही. ‘डाव्या पायाचा फर्मा. बेटावरच्या मोच्याने आपल्या मुलीसाठी केला आणि अकरा वर्षं तिच्या पत्रांवरून वाढवला. वरचे तुकडे संग्रहालयाने चुकून काढले होते, ते मुलीने परत लावले.’ चुकून काढले हा भाग गाळू नकोस. संग्रहालय आहे, घरचं फडताळ नाही.

पत्रं परत पाठवते आहे. ती माझी नाहीत. ज्यांनी ठेवून घेतली त्यांची आहेत. फर्म्याशेजारी ठेव.

सोबत आणखी एक पाकीट आहे. दहा पत्रांच्या खाली ते ठेव. त्याआधी, तुला वेळ असेल तेव्हा, कपाटासमोर उभं राहून मोठ्याने वाच. दोनदा, ठरावाप्रमाणे.

ताई

*

५ जानेवारी

बाबा,

अकराव्या जोडाचं कळवायचं राहिलं होतं.

बूट मिळाले. डावा नीट बसला. घोट्याला लागलं नाही, करंगळी चेपली नाही, टाच सुटली नाही. ते मी सहा वर्षं घातले, दोनदा तळ बदलून घेतला. तळ बदलणाऱ्याने विचारलं की हे शिवले कोणी, असं काम हल्ली होत नाही. मी खोक्यावरच्या दुकानाचं नाव सांगितलं. ते चुकलं. नंतर पुष्कळ ठिकाणचे बूट घातले, एकही असा बसला नाही.

धक्क्यावर जे बोलले होते ते मी पाळलं नाही, हे आता कळलं. फार बरं वाटलं.

पायाची रेघ सोबत जोडते आहे. कालच मारली, वाकताना जरा त्रास झाला, म्हणून टाचेजवळ हलली आहे. वयाने पाऊल पसरलंय. करंगळीच्या बाजूला सूतभर वाढवावं लागेल.